आबासाहेबांचं रान आणि कासाबाईच्या मेंढ्या

झरीच्या शिवाराला लागून असलेल्या एका गावात कासाबाई धनगरीण राहायची. नवरा मागंच वारलेला, पदरी दीडशे मेंढ्या आणि म्हाळसा नावाची एकुलती एक लेक. बाई तोंडानं फटकळ, आणि एकदा मनात धरलं की सोडणारी नव्हे.

निजामाचा अंमल होता. गावात सरकारी शाळा नव्हती. आबासाहेब देशमुखांनी आपल्या नातवंडांसाठी मारुतीच्या देवळात मास्तर ठेवला होता. चार बड्या घरची पोरं-पोरी तिथं शिकत. नऊ वर्षांच्या म्हाळसाला त्याचं भारी वेड. मेंढ्या चारता चारता ती काडीनं मातीत अक्षरं गिरवायची. शेवटी कासाबाईनं तिला न्हाऊमाखू घातलं, नवा परकर नेसवला आणि देवळात नेऊन बसवलं.

तिथं बसलेल्या आबासाहेबांनी नाकाला उपरणं लावलं. "मास्तर, लेंड्यांचा वास कुठून यायलाय?"

पोरं फिदीफिदी हसली. आबासाहेबांनी म्हाळसाच्या हातची पाटी काढून घेतली आणि तिला उठवलं. "कासे, मेंढरं राखायला बाराखडी कशाला लागती? ही कागद वाचायला लागली तर मेंढ्या काय आमी राखाव्यात?"

म्हाळसानं त्यानंतर मातीत कधी काडी फिरवली नाही. कासाबाई त्या दिवशी जेवली नाही. तिनं तो राग गिळला नाही, जपून ठेवला.

काळ्या रानाला लेंड्यांसारखं खत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात शेतकरी आपापल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेत. त्या उन्हाळ्यापासून कासाबाईनं किशनरावाच्या रानात कळप बसवला, तानुबाईच्या बसवला, पण आबासाहेबांच्या बांधाला एका मेंढीचा पाय लागू दिला नाही. आबासाहेबांनी हसून चारठाण्याकडचे धनगर बोलावले, आणि तिथंच चुकले. परक्या शिवारात उतरायचं तर आधी तिथल्या मेंढपाळाला विचारायचं, असा धनगरांचा रिवाज. त्यांचा म्होरक्या रायभान कासाबाईकडं आला. त्यानं भाकर खाल्ली, सगळं ऐकलं आणि तिथूनच कळप माघारी वळवला. पुढं कुणीच आलं नाही.

दहा वर्षं गेली, म्हाळसाचं लग्न झालं. शेजारची ज्वारी डोक्याच्या वर जायची, आबासाहेबांची कमरेशी थांबायची. कासाबाई मुद्दाम त्याच बांधावरून जायची आणि डोळे भरून बघायची. तिला त्यात गोडी वाटायची, हे लपवण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर बाईनं बरोबरच केलं.

मग एक दिवस आबासाहेब स्वतः तिच्या मेंढ्यांच्या वाड्यावर आले. मायलेकी मेंढ्यांची लोकर कातरत होत्या. म्हाळसाची चार वर्षांची पोर जवळच खेळत होती.

"कासाबाई, झालं गेलं इसरा. नातीला धाडा शाळंत, पहिल्या वळीत बसवतो. पण यंदा मेंढ्या आणा. रान पार मेलंय."

कासाबाईनं कातर थांबवली नाही. "नात शिकंलच की. तिला परभणीला धाडीन, तुमचे उपकार कशाला? तुमी असं करा, माझी नऊ वर्साची म्हाळसा आणून द्या. तुमी उठवली व्हती ना देवळातून, तीच. तेवढी आणा आन् मेंढ्या घेऊन जावा."

म्हाळसानं आबासाहेबांकडं एकवार नीट पाहिलं, कातरलेली मेंढी सोडून दिली आणि म्हणाली, "माय, दुसरी धरू का?"