स्वतः पाहिले

आदिलाबादेत इंटरनेट आलं ते लोकांनी वापरावं म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. माझी मात्र पक्की खात्री आहे की ते माझ्या सासऱ्यांनी तपासावं म्हणून आलं होतं. महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने जगभरच्या वेबसाइटींचा जसा मुआयना केला, तसा त्या बनवणाऱ्यांनीसुद्धा कधी केला नसेल. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होतो आणि बरीच वर्षं पैसा साठवून एक संगणक घरी आणला होता. टेलिफोनच्या तारेवरून तो जोडताना कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरल्यासारखा आवाज यायचा. दर रविवारी संध्याकाळी शेजारच्या मावला गावातून सायकल मारत सासरे यायचे, तो आवाज उभ्याने ऐकून घ्यायचे आणि तो थांबला की टोपी सारखी करून खुर्चीवर बसायचे. साहेब केबिनमध्ये आल्यावर बसावं तसे, पाठ न टेकता.

सोबत कापडी पिशवीत एक लांबट रजिस्टर असायचं. कचेरीतली सवय. त्यात त्यांनी स्वतः रकाने आखले होते: पत्ता, काय मिळते, उपयोग, आणि शेवटी कैफियत, म्हणजे शेरा. पत्ते ते कुठून मिळवायचे, देव जाणे. हैदराबादच्या उर्दू पेपरातून, न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकांतून, एकदा तर बिस्किटाच्या पुड्यावरून. इंग्रजी त्यांना जेमतेम अक्षर ओळखण्यापुरतं यायचं, पण त्यांची काही अडचण नव्हती. मी वाचून सांगायचं, त्यांनी नोंद करायची, आणि तपासणी पुरी झाली की खाली लाल शाईची रेघ. रेघ पडली की मिसल, म्हणजे फाइल, बंद.

त्या शेवटच्या रकान्यात दोनच तऱ्हेचे शेरे असत. डोळ्यांनी दिसलं तर 'स्वतः पाहिले'. नाहीतर 'अमुक म्हणतात'. तिसरा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. तरुणपणी भैंशाला नोकरीत असताना वरच्या साहेबाने एका न खणलेल्या विहिरीची पाहणी लिहून मागितली होती. यांनी लिहिलं, 'साहेब म्हणतात, विहीर आहे.' आठवड्यात बदली झाली इंद्रवेल्लीच्या जंगलात. ही गोष्ट ते हसत सांगायचे. "मंग काय जी, तिकडं विहिरी बी होत्या आन् पाणी बी होतं. आपलं नुकसान काय झालं?"

काय काय तपासलं आम्ही त्या खोलीत. दोऱ्यांच्या गाठी कशा माराव्या हे चित्रांनी दाखवणारी एक साइट होती. तिच्यावरची एक गाठ शिकून त्यांनी सायकलच्या कॅरियरला मारली आणि पुढे त्यांनाच ती सोडवता येईना. कोणत्याही तारखेचा वार सांगणारी एक होती. तिला त्यांनी स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली, उत्तर बरोबर आलं तेव्हा पुन्हा एकदा तीच तारीख विचारायला लावली; सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एक साइट आदिलाबादचं तापमान सांगायची. "कोन्या मुलखात बसून सांगून राह्यले हे? आमी इथं उन्हात उभे हाओत, आमाले कोणी विचारलं का?" असं म्हणून ते पुढच्या खेपेला थर्मामीटर घेऊन आले, अंगणात टांगला, आणि दोन अंशांच्या फरकाबद्दल त्या लोकांना रीतसर अर्ज पाठवायला लावला. उत्तर आलं नाही. शेरा पडला: 'जबाबदार इसम जागेवर नाही.'

त्यांची सगळ्यात लाडकी साइट होती ती कॅनडातल्या एका माणसाची. हा इसम रोज आपल्या मांजराचं वजन करून लिहायचा. बस, एवढंच. सासऱ्यांच्या मते सगळ्या इंटरनेटात नियमित काम करणारा हा एकच माणूस होता. एका रविवारी मांजराचं वजन उतरलेलं दिसलं, तर माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं, की घट का आली त्याची कैफियत कळवावी. दोन दिवसांत उत्तर आलं. मांजर आजारी होतं, आता बरं आहे, भारतातून कोणी चौकशी केली म्हणून आभार. सासऱ्यांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "पाह्यलं ना जावईबापू? मानसं सगळीकडं हाएत. पत्ता भेटला पाह्यजे."

तासाभराने उठताना ते संगणकाच्या पडद्याच्या डोक्यावर तळवा ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. जुने जाडजूड पडदे ते, चांगलेच तापायचे. "गरम झाला बिचारा. सोडा आता त्याले." मग प्लॅस्टिकचं आवरण स्वतःच्या हाताने घालायचे. हे कधी चुकलं नाही.

इथवर लिहायला मला काही जड गेलं नाही. हे मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत. यापुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपासून अमेरिकेत होता. कागदपत्रं कुठेतरी अडकली होती. देश सोडला तर परत शिरता येणार नाही, म्हणून तो आईच्या वेळेलाही येऊ शकला नव्हता. सासऱ्यांनी एकदा त्याच्या गावाचं नाव देऊन 'याची काय माहिती भेटते पाहा' म्हटलं, आणि शोधता शोधता आम्हाला त्या गावातल्या एका दुकानदाराची साइट सापडली. त्याने दुकानाच्या खिडकीत कॅमेरा बसवला होता. समोरचा चौक दिसायचा, दर मिनिटाला नवं चित्र. एक बाकडं, एक दिवा, मागे चर्च. चित्र वरून खाली हळूहळू उलगडायचं. "टोपी आली... आता मान येऊन राह्यली... बाई हाय जी, बाई." तीन रविवार आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळ. चौथ्या रविवारसाठी त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाला पत्र टाकलं होतं: बरोबर सात वाजता, आमच्या घड्याळात, बाकड्याजवळ उभा राहा. मुलाचं उलट पत्र वेळेत आलं, उभा राहतो.

आदल्या दिवशी मी न्हाव्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "सर, तुमच्या सासऱ्याच्या पोरानं मस्त कंपूटर धाडला म्हणतेत अमेरिकेतून. मावल्यात सगळ्याइले सांगून राह्यले." मी पैसे देऊन बाहेर पडलो. मला बोलायची सवय नाही. मी मनात ठेवतो. चार वर्षं यांचं औषधपाणी, गॅसचा नंबर, पेन्शनची रांग, सगळं मी पाहत होतो. एक संगणक तेवढा माझा होता, तोही मुलाचा झाला.

रविवारी ते सहालाच आले. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत.

बायको म्हणाली, "बाबा, तो थोडाच तुमाले पाहणार हाय?"

"नसू दे ना. काऊन, आपण पाहाले जाऊन राह्यलो ना?"

मी म्हणालो, "मामाजी, ती साइट बंद झाली. दुकानदारानं कॅमेरा काढला. आत्ताच उघडून पाहिलं मी."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, ते वाद घालतील, दाखवा म्हणतील, मग मी चिडून दाखवीन आणि विषय संपेल. ते सरळ टेबलापाशी गेले. आवरण घातलेलंच होतं. त्याखालून हात सरकवून त्यांनी पडद्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, नेहमीसारखा. जरा वेळ तसाच ठेवला. दुपारपासून संगणकाला कोणी हात लावला नव्हता, पडदा थंड होता.

"बरं," ते म्हणाले. चहा घेतला, लेकीला 'येतो' म्हणून सायकल काढली.

सायकल अंगणाबाहेर पडली तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. मी आवरण काढलं. तार लागायला त्या दिवशी वेळ लागला नाही. चित्र वरून उलगडत आलं: दिवा, पडता बर्फ, आणि मग एक पांढरी टोपी. मेहुणा डोक्यावर बापासारखी टोपी घालून बाकड्याजवळ ताठ उभा होता. पुढच्या मिनिटाला त्याने हात वर केलेला होता. त्याच्या पुढच्या मिनिटाला दोन्ही हात. टोपी दिसली तेव्हा सासरे फार तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी असतील, एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी उठलो नाही. उठलो असतो तर खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. मी पंचवीस मिनिटं त्या मुलाला पाहत बसलो. शेवटच्या चित्रात नुसतं बाकडं होतं.

पुढच्या रविवारी ते आले, मांजराचं वजन पाहिलं, चौकाचं नाव काढलं नाही. मीही नाही. दर आठवड्याला ठरवायचो, आज सांगायचं. उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच, कोणाला त्रास न देता. मेहुण्याचे कागद नेमके त्याच महिन्यात सुटले. तेराव्याला तो पोचला. मागच्या अंगणात माझ्याजवळ बसून म्हणाला, "भाऊजी, एक बरं झालं. बाबांनी मले त्या दिवशी पाह्यलं तरी. तुमचे लय उपकार हाएत."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"त्याइचंच पत्र आलं होतं ना. 'पाहिलं. वाळला दिसतोस, जाड स्वेटर घे' म्हणून."

एका विहिरीसाठी इंद्रवेल्लीचं जंगल पत्करलेला माणूस. मुलगा बर्फात फुकट उभा राहिला हे मुलाला कळू नये, आणि जावयाचं नाव खराब होऊ नये, म्हणून त्याने जन्मात एकदा न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं. आणि मी मेहुण्याला म्हणालो, "हो, पाहिलं त्यांनी."

रजिस्टर बायकोने माझ्याकडे दिलं. माझ्याशिवाय ते कोणाला कळणार होतं. त्या चौकाची नोंद मी लगेच उघडली नाही. दोन-तीन वर्षं गेली असतील. पत्ता नीट लिहिलेला. काय मिळते: चौक, बाकडे. उपयोग: मुलगा दिसण्याची शक्यता. पहिल्या तीन रविवारांपुढे 'स्वतः पाहिले'. चौथ्यापुढे, त्याच वळणदार अक्षरात: 'जावई म्हणतात, बंद आहे.' खाली लाल रेघ नव्हती. सगळ्या रजिस्टरात तेवढी एकच मिसल उघडी होती.

ती साइट आता खरोखरच नाही. मी अधूनमधून पत्ता टाकून पाहतो. संगणकही नवा आहे, पातळ पडद्याचा. त्यावर तळवा ठेवला तर काहीच कळत नाही.

गेल्या रविवारी मी ते रजिस्टर काढलं आणि त्यांच्या शेऱ्याखाली, माझ्या वाकड्या अक्षरात, राहिलेली कैफियत भरली. 'स्वतः पाहिले. साइट चालू होती. मुलगा वेळेवर हजर होता, टोपी घालून, पंचवीस मिनिटं.' खाली सही केली. त्या पानाची नक्कल काढून मेहुण्याला पाठवली आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत लाल रेघ मारायची नाही, असं ठरवलं आहे. येईल की नाही, माहीत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी टेबलापाशी बसलेला असतो, पाठ न टेकता.