बैरुतच्या बेकरीतला पहिला पाव

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बैरुतमध्ये लाईटचा नेम नव्हता, म्हणून सगळी बेकरी या डिझेल इंजिनावर. परातीत मळलेलं पीठ फुगत चाललेलं. दोन तासांत भट्टी चालली नाही तर सगळं आंबून वाया.

मी कोल्हापूरचा फिटर, शाळा चौथी. कंपनीनं इंजिनाबरोबर मलाबी पाठवलेलं. नॉझल काढला. नॉझल म्हणजे डिझेलची बारीक फवारणी करणारं तोंड. तेच फुटलेलं.

"नवा पायजे, शेठ."

शेठ एलियास, ख्रिश्चन. दुबईत राहून हिंदी शिकलेला. म्हणाला, "दुकान मुसलमानांच्या बाजूला आहे. परवा बंदरावरून मागवतो."

"दुकान किती लांब?"

"दहा मिनिटं."

"मग बसलायसा कशाला?"

"लढाई थांबून सात वर्षं झाली, मिस्त्री. मी अजून तिकडं गेलो नाही."

रस्त्यावर रेघ कुठंच नव्हती. मला बरोबर दिसली. आम्ही बौद्ध. मलकापूरकडच्या आमच्या गावात वरच्या आळीची विहीर अशीच होती, आमच्यातलं कुणी तिकडं जात नव्हतं.

फुटका नॉझल फडक्यात गुंडाळून निघालो. काय शहर ते! गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती, त्यांनाच चिकटून कोरी करकरीत दुकानं, टोकाला निळाशार समुद्र. दुकानदार हसन. फिटरला भाषा लागत नाही, पार्ट दाखवायचा. मिळाला की! पळत आलो, बसवला, हँडल मारलं. पहिल्याच दणक्यात चालू!

आमच्या गुऱ्हाळात बंद इंजिन चाललं की पहिला गूळ मदत करणाऱ्याला. पाव निघाल्यावर म्हटलं, "शेठ, पहिला पाव हसनला. चला."

शेठ हसनच्या दुकानाअलीकडच्या कोपऱ्यापर्यंत आला, थांबला. मी पुढं गेलो. हसननं दारात उभं राहून घास घेतला आणि शेठकडं बघून मोठ्यानं काहीतरी ओरडला. शेठ पोट धरून हसायला लागला.

"काय म्हणाला?"

"मला म्हणतो, तुझ्या बापाच्या पावात मीठ जास्त असायचं!"

दुसऱ्या दिवशी मीठ वाढवून शेठ स्वतः गेला.

फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवो, तिकडं शूर झालासा. आता वरच्या आळीला चला की माझ्यासंगं."

परत आल्यावर गेलो. विहिरीत कळशी सोडली. एक म्हातारी दारातनं ओरडली, "अगं, मचूळ झालंय त्ये पाणी! नळ आल्यापास्नं कोण पीत न्हाय!"

तरी बायको दोन ओंजळी प्याली.

ती जाऊन आता वर्ष झालं. मला एवढंच कळतं, पार्ट दहा मिनिटांवर असला तर परवाची वाट बघू नये.