ज्योतिबाचा निर्वंश

“ज्योतिबा. निर्वंश,” असं म्हणून हेळव्यानं वहीचं पान उलटलं आणि संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाटणजवळच्या त्या गावात देवळापुढं अख्खी भावकी जमली होती. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा माणूस. पूर्वी बैलावर बसून यायचा, हल्ली मोटरसायकलवर येतो. त्याच्याकडून वंशावळ पक्की करून घ्यायची आणि देवळात दगडावर कोरायची, असं भावकीनं ठरवलं होतं. संयोगिता मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर. ड्यूटी बदलून ती आली होती एवढ्याचसाठी, की त्या दगडावर आपल्या पणजीचं, बनुबाईचं, नाव यावं.

“निर्वंश कसा? ज्योतिबाला बनुबाई होती. तिच्या लेकीच्या लेकीची लेक मी, तुमच्यासमोर उभी हाय की!”

“लेक परक्या घरची, ताई. लेकीचा वंश आमी धरत न्हाई.”

परक्या घरची! बनुबाईचा बाप ज्योतिबा लढाईवर गेला तो परत आलाच नाही. मग प्लेगानं चुलता-चुलती नेली आणि मागं राहिला त्यांचा अंगावर पिणारा ज्ञानू. बनुबाईचं नुकतंच सांगलीत लग्न झालेलं. ती नवऱ्याला घेऊन माहेरी आली, ज्ञानूला वाढवलं, त्याची जमीन कसली आणि पोरगा कर्ता झाल्यावर सगळं त्याच्या हवाली करून नेसत्या लुगड्यानिशी सासरी गेली. हे नुसतं आज्जीच्या तोंडचं नव्हे. संयोगितानं पाटणच्या कचेरीत खेटे घालून जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल काढली होती. तिच्यात साफ लिहिलं होतं, ‘अज्ञान ज्ञानू, पालनकर्ती बनुबाई.’ सरकारला बाई दिसली, रक्ताच्या माणसांना दिसेना. आणि हा ज्ञानू कोण? समोर मिशीला पीळ देत बसलेल्या रिटायर सुभेदार मानसिंगमामांचा सख्खा आजा!

मामांनी नक्कल वाचली, घडी घालून परत दिली आणि अख्ख्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले,

“लय उपकार हायत गं तिचं. पर रीत ती रीत.”

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं! संयोगिताला रडू येत होतं, ते तिनं रागानं गिळलं. ती उठून मात्र गेली नाही.

हेळवी एकेक घर घेत मामांपाशी आला. “ल्योकाचं नाव?”

“ल्योक न्हाई. एकच लेक, शिवांजली. फौजेत कॅप्टन हाय!” मामांची छाती फुगली.

हेळव्यानं मान डोलावली, लिहिलं आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचलं, “मानसिंग. निर्वंश.”

मामा ताडकन उठले.

“निर्वंश कुणाला म्हणतोस रं? माझी पोरगी जित्ती हाय! खोड ते!”

“रीत हाय, सुभेदार.”

“खड्ड्यात गेली रीत! शिवांजली लिव्ह!”

हेळव्यानं पेन उचललं तशी संयोगितानं वहीवर आडवा हात ठेवला.

“वरनं सुरवात करायची, मामा. आधी बनुबाई.”

मामांनी भावकीकडं बघितलं, मग तिच्याकडं. “लिव्ह,” ते पुटपुटले.

“मोठ्यानं सांगा,” संयोगिता म्हणाली. “रीत मोठ्यानं सांगितलीसा न्हवं?”