तुळशीसाठी पाडलेलं भोक

मंडळी, आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या स्वीडिश आजींनी घर सोडताना मला त्यांच्या आईची निळी सिरॅमिकची फुलदाणी दिली होती. इथे मिनेसोटात थंडीमुळे तुळस घरातच ठेवावी लागते, म्हणून मी फुलदाणीच्या बुडाला ड्रिलने भोक पाडून तीत तुळस लावली.

आज आजी आल्या. तुळस बघून हसल्या. म्हणाल्या, "खाली डिझायनरची सही आहे, बघितलीस?"

सही नेमकी भोकाच्या जागी होती, यार.

मी सॉरी म्हणत डिझायनरचं नाव विचारलं. निदान लिहून तरी ठेवलं असतं. आजी बराच वेळ आठवत राहिल्या.

"खाली लिहिलेलंच होतं ना. म्हणून कधी पाठ केलं नाही."

आज घरातली एखादी वस्तू उलटी करून बघाल? नाव असेल तर मोठ्याने वाचा.