कोलूवरची नवी पाटी

शरण्याला मेलेली भाषा शिकायची होती, यात कुंभकोणमला कुणाला फारसं वावगं वाटलं नसतं. संस्कृत म्हणाली असती तर अलमेलू आत्याने स्वतः जाऊन पाठशाळेतल्या शास्त्र्यांना गाठलं असतं. पण पोरीला हवी होती अक्कादी. इराककडची, तीन-चार हजार वर्षांमागची, ओल्या मातीवर पाखरू नाचून गेल्यासारखी दिसणारी. ती बोलतं कोण, असं अप्पांनी एकदा विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर ते जरा सुखावले. निदान त्या भाषेत बोलणाऱ्या कुणाबरोबर मुलगी पळून जाणार नव्हती.

इतिहासात बी.ए. झाल्यापासून शरण्याची तयारी चालली होती. सकाळी मोबाइलवर जर्मन, दुपारी अप्पांच्या पितळी भांड्यांच्या दुकानात बिलं, संध्याकाळी दूरदेशीच्या एका शिक्षकाचा ऑनलाइन वर्ग. बाहुल्या करणाऱ्या कुंभाराकडून ती कावेरीची माती आणी, आइस्क्रीमची काडी तिरपी तासून तिच्यात अक्षरं दाबी आणि त्या पाट्या गच्चीवर अम्माच्या सांडग्यांशेजारी वाळत घाली. कावळे सांडगे पळवत, पाट्यांना शिवत नसत. अम्मा म्हणे, त्यांनासुद्धा कळतं.

आणि मग खरंच जर्मनीच्या एका विद्यापीठाने तिला एम.ए.ला घेतलं, शिष्यवृत्तीसकट. होकार दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कळवायचा होता. अप्पांनी ती बातमी दोनदा ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आत्याला विचार."

अप्पांनी आत्याला विचारल्याशिवाय दुकानाचा रंगसुद्धा बदलला नव्हता. आत्याला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने चोळपुरमहून माहेरी पाठवलं, ते कायमचं. का, ते घरात कुणी कधी बोललं नाही. नवरा कुठेतरी जिवंत होता, म्हणून आत्याचं कुंकू शाबूत होतं. आणि कुंकू शाबूत असल्यामुळे नवरात्रात दारी येणाऱ्या बायकांना हळदकुंकू लावायचा मान तिचा होता. शरण्याचं ऐकून घेऊन ती म्हणाली की दसऱ्याला सांगीन. मधल्या काळात तिने कोइमतूरच्या विष्णुवर्धनची पत्रिका मागवली. मुलगा संगणकातला, घरची मराठी आपल्यासारखीच तंजावरी, पुणेकरांना जुनाट वाटणारी. म्हणजे जर्मनीला पर्याय तयार होता.

कोलूचा, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीचा, नियम असा की पायऱ्यांवर त्या मांडताना दरसाल एक तरी नवी हवी. त्या वर्षी आदला आठवडाभर अम्मा तापाने झोपलेली, बाजारात जायला कुणाला सवड झाली नाही. पहिल्या संध्याकाळी बायका दारात येऊन ठेपल्यावर अम्माने गच्चीवरून शरण्याची सगळ्यांत सुबक पाटी आणली आणि दशावतारांच्या खालच्या पायरीवर वाण्याच्या बाहुलीशेजारी उभी केली. नियम पाळला गेला. शेजारच्या शिवकामी मामींनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा अम्मा म्हणाली की फार पुरातन मंत्र आहेत, आमच्या मुलीच्या हातचे. तिच्या मते हे खोटं नव्हतं. इतकं जुनं आणि इतकं न कळणारं दुसरं काय असणार?

तिसऱ्या दिवशी पाटीला कुंकू लागलं. पाचव्या दिवशी मामींनी, लेकीचं लग्न रखडलंय, उत्सव संपला की पाटी आमच्याकडे द्या, असं सांगून ठेवलं. सुवासिनी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खात आणि जाताना पाटीपुढे वाकत. गल्लीत शरण्याकडे लोक जरा अदबीने बघू लागले. दोन वर्षांच्या अभ्यासाने जे झालं नव्हतं ते न वाचता येण्याने पाच दिवसांत झालं.

पाटीवर काय आहे ते फक्त शरण्याला माहीत होतं. आपण बोललो तर घराची शोभा होईल आणि आत्या जर्मनीचं नाव काढू देणार नाही, म्हणून ती गप्प राहिली. ज्या विद्येत अर्थाशी प्रामाणिक राहायचं, ती शिकायला जाता यावं म्हणूनच हे मौन, असं तिने स्वतःला बजावलं. ते तिला फारसं पटलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी आत्या पाटीला जाईची माळ घालताना म्हणाली, "यातला एक मंत्र मला शिकव. रोज म्हणेन."

 रोज सकाळी विठोबासमोर आत्या पाटीवरचं म्हणते आहे, हे चित्र शरण्याला सोसवेना.

"तो मंत्र नाही, आत्या. जुना कायदा आहे. बायको नवऱ्याला म्हणाली की तू माझा नवरा नव्हेस, तर तिला नदीत टाकायचं."

आत्याचा हात माळेवरच थांबला. आता पाटी खाली येणार आणि तिच्याबरोबर आपणही, असं शरण्याला वाटलं.

"आणि नवरा तसं म्हणाला तर?"

"तर त्याने चांदी द्यायची. मग सुटला."

"किती?"

"साधारण पाव किलो."

"पाव किलो." आत्याने माळ नीट केली. "मला चोळपुरमहून नुसतं बसमध्ये बसवून दिलं. तिकिटाचे पैसेसुद्धा इथे उतरल्यावर तुझ्या आजोबांनी दिले."

एवढं बोलून ती सुंडलला फोडणी द्यायला आत गेली.  

संध्याकाळी बायका आल्या. आत्याने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, पानसुपारी दिली. शिवकामी मामींनी पुन्हा पाटीची आठवण केली. नाहीतर निदान मंत्राचा अर्थ तरी सांगा, लेकीला रोज म्हणायला लावते, म्हणाल्या. अम्मा घाईघाईने तोंड उघडत होती, तिला आत्याने नजरेनेच थांबवलं.

"ती पाटी मिळायची नाही, मामी. आणि अर्थ असा येताजाता सांगता येत नाही, त्याला शिकावं लागतं," ती म्हणाली. "आमची शरण्या त्यासाठीच जर्मनीला चालली आहे."

दाराशी चपला काढत असलेल्या अप्पांना हे तिथेच, सगळ्या बायकांबरोबर कळलं. कोइमतूरचं काय, असं त्यांनी हळूच विचारलं. पत्रिका जुळत नाही, असं आत्याने सांगितलं. ती पत्रिका तिने अजून उघडलीसुद्धा नव्हती.