माझ्या खुर्चीच्या जागी भिंत

कोलकात्यात जमीन हलली की बायका शंख फुंकतात. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं बघा! त्या सकाळी कणीक मळत होते. परात सरकली, डोकं गरगरलं. म्हटलं, बीपीची गोळी राहिली वाटतं. तेवढ्यात सगळ्या बाल्कन्यांतून शंख सुरू झाले. मला वाटलं, असेल कसली तरी पूजा. यांच्या पूजांना काय तोटा! हात जोडले नि पुन्हा कणकेला लागले. सगळी बिल्डिंग खाली उतरलेली, मी एकटी तिसऱ्या मजल्यावर.

"मासीमा, आप ऊपर क्या कर रही थीं?" शेजारणीने नंतर विचारलं.

"रोटी," म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन दार लावलं तेव्हा मनात आलं, हाक मारायचं कुणालाच सुचलं नाही.

मग मी त्या विषयाच्या मागेच लागले. आमचे हे सरकारी बांधकाम खात्यात होते. बदलीवर इथे आणलं, आणि मला इथेच ठेवून गेले. त्यांची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली. एवढं उमगलं, की आमच्या बिल्डिंगला खाली पार्किंग, म्हणजे नुसते खांब. वर मात्र भिंतीच भिंती. भरलेलं कपाट काटकुळ्या पायांवर उभं करावं तसं. हादरा बसला की सगळा ताण त्या पायांवर.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले, "मासीमा तो इंजीनियर हो गईं!" थट्टा केली, पण इंजिनियर बोलावला. तो म्हणाला, खांबांना बाहेरून सळया नि काँक्रीटचं कवच घालायचं, आणि काही खांबांच्या मधे पायापासून काँक्रीटच्या भिंती उचलायच्या. खडूने खुणा केल्या. त्यातली एक नेमकी माझ्या खुर्चीखालून गेली.

जिन्याजवळच्या त्या दोन खांबांमधे मी संध्याकाळी बसायची. बाकी सगळीकडे गाड्या. ऑफिसातून येणारा प्रत्येकजण "मासीमा, भालो?" म्हणायचा, म्हणजे बऱ्या आहात ना. मुलाचा फोन रविवारी. एरवी माझ्याशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

"ही भिंत जरा पलीकडे नाही का घेता येणार?" मी इंजिनियरला हिंदीत विचारलं.

तो म्हणाला, दोन्ही बाजूंना सारख्या भिंती हव्यात. नाहीतर हादऱ्यात बिल्डिंग पिळवटेल. ते मीही वाचलं होतं म्हणा. तरी विचारून पाहिलं.

सेक्रेटरींना बरंच झालं, तेवढाच खर्च कमी. "आप बोलिए मासीमा, ये वाली छोड़ देते हैं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले, खुर्ची घडी करून काखेत मारली. म्हटलं, "नहीं. बनाइए."

भिंत छान झालीय, जाडजूड. आता मी बाल्कनीत बसते. येणाऱ्यांची डोकी वरून दिसतात. मान वर कुणी करत नाही. शेजारणीकडून एक शंख मागून आणलाय. फुंकायला शिकतेय. अजून नुसती हवाच जाते.