बाबांची ब्लाइंड चाल

दिवाळीच्या सुटीनंतर सोमवारपासून माझ्या सहा वर्षांच्या मुलीला स्कूटरवर शाळेत सोडायचं काम बाबांकडे जाणार होतं. "त्यांना जमेल ना?" बायकोनं दोनदा विचारलं होतं. हल्ली ते गॅस सुरू ठेवून विसरत, ओळखीच्या गल्लीत थबकत. मी म्हटलं, भाऊबीजेला पत्ते खेळताना बघू. पत्त्यांत बाबांचं डोकं सगळ्यांत तल्लख.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी तीन पत्ती चिंचोक्यांवर होते. पैसे लावायचे नाहीत, हा आईचा कायदा. बाबांसारखा जपून खेळणारा खेळाडू मी पाहिला नाही. पानं पाहायची आणि भारी नसली की निमूट टाकून द्यायची. मी नुसत्या थापा मारून त्यांना पळवायचो.

यंदा थापा चालेनात. बाबा पानांना हातही न लावता प्रत्येक डावात ब्लाइंड चाल करत होते. "बाबा म्हातारपणी बिनधास्त झाले," बहीण म्हणाली. मला हायसं वाटलं. फोनवर पोकर खेळून एवढं शिकलो होतो, की जो डाव सोडतच नाही त्याला थाप मारू नये. चांगल्या पानांची वाट पाहावी आणि आली की दाबून लावावं. बादशहाची जोडी आली तसे मी मूठमूठ चिंचोके लावले. बहिणीनं पानं टाकली. बाबा लावतच राहिले.

"बाबा, आता तरी पाहा."

त्यांनी पानं उचलली. बराच वेळ पाहिली. मग आईकडे पाहिलं, पानं उताणी ठेवली आणि सगळे चिंचोके माझ्याकडे सरकवले. "हारलो बा मी."

समोर राणी, गुलाम, दहा.

"बाबा, सिक्वेन्स आहे तुमचा. जिंकले ना तुम्ही," बहीण हसत म्हणाली. आई हसली नाही. ती घाईनं पानं गोळा करू लागली. तिला आधीच माहीत होतं. आम्हा दोघांना हा खेळ बाबांनीच शिकवला होता. ते बिनधास्त झाले नव्हते. पानं पाहून आता त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते आम्हाला कळू नये म्हणून ते पाहतच नव्हते. मी मात्र त्यांना हरवायच्या युक्त्या लढवत बसलो होतो. स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

सोमवारचं कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात करत होतो. बाबांनी माझ्याकडे न पाहता स्कूटरची किल्ली चिंचोक्यांशेजारी ठेवली.

"पोट्टीले तूच नेत जा."

मी किल्ली उचलून खिशात टाकली.